बंद होऊ शकणारी वाट

आल्प्समधल्या एखाद्या नदीची घळई पाहायला निघताना हवामानाइतकीच आणखी एक चौकशी करून निघावं लागतं : आज वाट उघडी आहे का? शिखरांबद्दल, कुरणांबद्दल, सरोवरांबद्दल हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. घळईबद्दल विचारावाच लागतो. दक्षिण जर्मनीत, बव्हेरियाच्या आल्गॉय भागात, ओबरस्टडॉर्फ गावाजवळची ब्राइटाखक्लाम ही अशीच घळई आहे. वसंतात बर्फ वितळू लागलं की ती बंद होते, हिवाळ्याच्या तोंडावर डागडुजीसाठी बंद असते आणि मुसळधार पाऊस झाला तर ऐन हंगामातही तिचं फाटक लागतं. लांबून आलेल्या माणसाला हे जिवावर येतं. पण ही वाट पुन्हा पुन्हा मनात घोळवल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. या घळईचे कडे, तिचं हिरवट पाणी, हिवाळ्यात लोंबणारे बर्फाचे पडदे हे सगळं अपूर्व आहेच. परंतु तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती बंद करण्याचा अधिकार कुणाच्या तरी हातात आहे आणि तो अधिकार खरोखर वापरला जातो. निसर्गाच्या ओढीने फिरणाऱ्या माणसाला हे अरसिक वाटेल. म्हणूनच ते नीट मांडायला हवं.

ब्राइटाख नदी उगम पावते ऑस्ट्रियात, क्लाइनवाल्सरटाल नावाच्या खोऱ्यात. हे खोरं ऑस्ट्रियाचं असलं तरी डोंगरांनी असं कोंडलेलं आहे, की तिथे गाडीने जायचं तर जर्मनीतूनच जावं लागतं. त्या खोऱ्याचं पाणी गोळा करून नदी सरहद्द ओलांडते, घळईतून वाट काढते आणि ओबरस्टडॉर्फपाशी आणखी दोन नद्यांना मिळून इलर होते. इलर पुढे उल्म शहराजवळ डॅन्यूबला मिळते. घळईची लांबी सुमारे अडीच किलोमीटर. खालच्या अंगाने, टीफेनबाख गावाकडून शिरलं तर सुरुवात अगदी साधी असते : रुंद, दगडगोट्यांचं पात्र, दोन्ही काठांना स्प्रूस आणि मेपलची झाडं, सपाट पायवाट. मग काठ जवळ येऊ लागतात. झाडं वर राहतात, आपण खाली उतरल्यासारखे होतो, जरी वाट मुळात चढत असते. पाहता पाहता आकाशाची एक निमुळती चीर उरते आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ शंभर मीटर उंचीचे कडे उभे राहतात. काही ठिकाणी कडा पुढे झुकलेला आहे आणि वाट त्याच्या पोटातच खोदलेली आहे, त्यामुळे उंच माणसाला मान वाकवावी लागते. भर दुपारीही अंगाला गारवा झोंबतो. पाण्याचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून इतका वाढतो, की शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागतं.

या घळईत नजर वर नेण्याची घाई करू नये. हात पुरेल इतक्या उंचीवरची भिंत पाहावी. ती सपाट नाही. तिच्यात ठिकठिकाणी गोल, गुळगुळीत खोबण्या आहेत. काही वाटीएवढ्या, काही माणूस आत बसेल एवढ्या. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या खोबण्यांची ओळख लगेच पटेल. तिथे खडक काळा बेसाल्ट, इथे फिकट राखी चुनखडी. करणी मात्र एकच. भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरत राहतो, तळ घासत जातो, स्वतःही झिजतो, आणि तो झिजून संपला की दुसरा गोटा त्याची जागा घेतो. फरक एवढाच, की कुकडीचे रांजण पायाखाली आहेत आणि ब्राइटाखचे अर्धे फुटलेले रांजण आपल्या डोक्याच्याही वर, कड्यात अडकलेले दिसतात. नदी एके काळी त्या उंचीवर वाहत होती, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? एकाखाली एक अशा या खोबण्या नजरेने उतरत खाली आलं, की नदीने कुठून कुठवर मजल मारली ते कुणी न सांगता समजतं.

हा सगळा पल्ला भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडचा आहे. खडक जुना : इथली कठीण चुनखडी सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचली आणि आल्प्स उभे राहताना घडी पडून वर आली. घळई मात्र शेवटच्या हिमयुगानंतरची. हिमनदी मागे हटली, वितळलेल्या पाण्याला या कठीण खडकाची आडवी भिंत लागली, आणि गेल्या दहा हजार वर्षांत नदीने ती उभी कापून काढली. शंभर मीटर खोली आणि दहा हजार वर्षं असा ढोबळ भागाकार केला तर सरासरी वर्षाला एक सेंटीमीटर येते. पण नदी सरासरीने काम करत नाही. वर्षातले बरेचसे दिवस ती फारसं काही कापत नाही. थोड्याशा पुराच्या दिवसांत, दगडगोटे वाहून आणणाऱ्या लोंढ्यात, ती बरंचसं काम उरकते. मऊ खडकात नदीचे काठ ढासळत जातात आणि रुंद दरी तयार होते. इथे खडक इतका कठीण आहे, की काठ ढासळण्याआधीच नदी खाली उतरते. म्हणून कडे सरळसोट उभे. ज्या गोष्टीसाठी आपण तिथे जातो, तो अरुंदपणा आणि ते उभे कडे, म्हणजे अजून न थांबलेल्या झिजेचं आजचं रूप आहे.

इथेच माझ्या म्हणण्याचा पाया आहे. या जागेचं सौंदर्य आणि तिचा धोका एकाच कारणातून आलेले आहेत. एक ठेवून दुसरा काढता येत नाही. पात्र रुंद असतं तेव्हा पाणी वाढलं तर ते पसरतं. घळईत पसरायला जागा नाही, म्हणून तेच पाणी उंच चढतं आणि वेगाने धावतं. वरच्या खोऱ्यात ढग फुटला तर खाली ऊन असतानाही पाणी चढू शकतं, आणि कड्यांमुळे खालच्या माणसाला वरचं आकाश दिसत नाही. दुसरा धोका वरून येतो. चुनखडीच्या भेगांत पाणी शिरतं, गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, भेग रुंदावतं; वसंतात बर्फ सुटलं की सैल झालेला दगड धरून ठेवायला काही उरत नाही. १९९५ च्या सप्टेंबरात ब्राइटाखक्लाममध्ये मोठी दरड कोसळली. तिने नदीच अडवली आणि मागे तळं साचलं. ते तळं काही महिने तसंच राहिलं आणि १९९६ च्या मार्चमध्ये बांध फुटून सगळं पाणी घळईतून धावलं. त्याआधी चार वर्षं, १ जून १९९१ रोजी, गार्मिश-पार्टनकिर्शेनजवळच्या पार्टनाखक्लाममध्ये हजारो घनमीटर खडक कोसळून वाट गाडली गेली. पुढच्या वर्षी तिथे खडकातून बोगदा काढून वाट वळवावी लागली. ऑस्ट्रियातली लिश्टेनश्टाइनक्लाम २०१७ च्या मे महिन्यातल्या दरडीनंतर थेट २०२० मध्ये उघडली. म्हणजे दरड हा अशा जागांच्या इतिहासातला अपवाद नाही. ती त्यांच्या घडणीचाच एक भाग आहे.

मग माणूस तिथे गेलाच कसा? सहलीसाठी तर नक्कीच नाही. पार्टनाखच्या घळईत पहिल्यांदा नियमाने उतरले ते लाकूडतोडे. वरच्या रानात तोडलेले ओंडके नदीत सोडून खाली गावापर्यंत वाहून आणण्याची रीत तिथे अठराव्या शतकापासून होती. ओंडके घळईत अडकले की ते सोडवायला माणसं जीव धोक्यात घालून खाली जात. ब्राइटाखची घळई तर वापराचीही नव्हती. १८८८ मध्ये ओबरस्टडॉर्फपर्यंत रेल्वे आली आणि शहरातले लोक डोंगर पाहायला येऊ लागले. टीफेनबाखचे धर्मगुरू योहानेस शीबेल यांना या ओसाड घळईत आपल्या गरीब गावाचं पोट दिसलं. वाट काढली तर लोक येतील, लोक आले तर गावाला मिळकत होईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. गावकऱ्यांची संस्था उभी राहिली, १९०४ च्या उन्हाळ्यात सुरुंग लावायला सुरुवात झाली आणि ४ जुलै १९०५ रोजी वाट खुली झाली. ती आजही सहकारी संस्थेच्याच ताब्यात आहे. आपल्याकडे दूध, साखर, पतपेढी या गोष्टी सहकारातून उभ्या राहिल्या. एका नदीच्या घळईची वाट गावाने सहकारातून सांभाळावी, हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. वाट ज्यांची, कमाई ज्यांची, दगड पडला तर जबाबदारीही त्यांचीच, असा हा व्यवहार आहे. बंद करण्याचा अधिकार याच व्यवहारातून जन्मला.

यावर पहिला आक्षेप सौंदर्याचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. निसर्गाने दहा हजार वर्षं खपून घडवलेल्या शिल्पात सुरुंग लावायचे, लोखंडी गज ठोकायचे, कठडे आणि जाळ्या बसवायच्या, ही आगळीक नव्हे का? सुरुंगाच्या खुणा तिथे दिसतात हे मान्यच करायला हवं. नदीने घासलेल्या गुळगुळीत खडकाशेजारी माणसाने फोडलेला खडबडीत खडक लगेच वेगळा कळतो. पण पर्याय काय होते तेही पाहिलं पाहिजे. त्या काळात डोंगरी नद्या वीजनिर्मितीसाठी अडवल्या जात होत्या आणि अरुंद घळई म्हणजे बांध घालायला सोयीची जागा. ज्या नदीवर गावाचं पोट वाहतं पाणी दाखवूनच चालतं, ती नदी वाहती ठेवण्यात गावाचा स्वार्थ असतो. शिवाय अडीच किलोमीटरच्या घळईत माणसाने घेतला आहे तो एका बाजूचा हात-दोन हात रुंदीचा पट्टा. बाकीची भिंत, पात्र, शेवाळ, कपारी यांना पाऊल लागत नाही, कारण कठडा जितका माणसाला पाण्यापासून वाचवतो तितकाच पाण्याला आणि काठाला माणसापासून वाचवतो. जिथे आखलेली वाट नसते तिथे प्रत्येक जण आपली वाट पाडतो आणि सगळा काठ तुडवला जातो.

दुसरा आक्षेप पैशाचा. निसर्ग पाहायला तिकीट का? हा प्रश्न बव्हेरियात तर अधिकच टोकदार होतो, कारण त्या राज्याच्या १९४६ च्या घटनेनेच निसर्गसौंदर्याचा आनंद घेण्याचा आणि रानावनात फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. डोंगर, सरोवरं, नद्या लोकांसाठी मोकळी ठेवणं हे तिथे सरकारचं आणि गावांचं घटनात्मक कर्तव्य आहे. मग फाटकावर तिकीटबारी कशी बसते? मला यात विसंगती दिसत नाही. घळईभोवतीचं रान मोकळं आहे. तिथे फिरायला कुणी काही मागत नाही. तिकीट आहे ते सुरुंग लावून काढलेल्या, दर वर्षी तपासल्या जाणाऱ्या वाटेचं. वाट उघडण्याआधी माणसं दोरावर लोंबकळत कडा तपासतात आणि सैल झालेले दगड पहारीने खाली पाडतात. पुराने वाकलेले कठडे सरळ करावे लागतात, कुजलेल्या फळ्या बदलाव्या लागतात. हे काम फुकट होत नाही आणि ते न करता वाट उघडी ठेवणं म्हणजे लोकांना फसवणं. सरकारने हा खर्च करावा असं कुणी म्हणेल. तोही मार्ग आहे. परंतु तिकिटाचा पैसा त्याच घळईत परत जातो हे ज्याला दिसतं, त्याला वाटेची किंमतही कळते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो : स्वातंत्र्याचा. डोंगरात जाणारा माणूस जोखीम समजूनच जातो. त्याला पाण्याची भीती किती बाळगायची हे दुसऱ्याने का ठरवावं? उघड्या कड्यावर, बर्फाच्या धारेवर या युक्तिवादात दम आहे, कारण तिथे धोका डोळ्यांसमोर असतो आणि ज्याची जोखीम त्याचाच निर्णय असतो. घळईत हे गणित बिघडतं. ऑस्ट्रियातल्या खोऱ्यात किती पाऊस पडतो आहे, काल रात्री वरच्या कड्यावरचं बर्फ किती सुटलं, गेल्या हिवाळ्यात कोणती भेग रुंदावली, हे खाली उभ्या असलेल्या प्रवाशाला कितीही अनुभव असला तरी कळू शकत नाही. माहितीच नसेल तर निर्णयाला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. ही माहिती वर्षानुवर्षं त्याच कड्यांकडे पाहणाऱ्या माणसांकडे असते. शिवाय चुकीची किंमत एकटा प्रवासी मोजत नाही. त्याला काढायला दुसऱ्यांना त्याच पाण्यात उतरावं लागतं. गार्मिशजवळच्या होलेनटालच्या घळईची वाट तर गिर्यारोहकांच्याच मंडळाने १९०५ मध्ये उघडली, आणि हिमकडे कोसळत असल्यामुळे हिवाळ्यात ती बंद असते. साहसावर ज्यांचं प्रेम सगळ्यात जास्त, त्यांनाही फाटकाची गरज मान्य करावी लागली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. फाटक असलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं नाही. दरड वेळ सांगून येत नाही. हवा तापते तशी तिची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशामागे सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून अतिवृष्टीचा जोर वाढणार आणि जुन्या पुरांवरून बांधलेले अंदाज अपुरे पडणार. गर्दीचा प्रश्नही आहेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत या घळईत माणसामागे माणूस चालतो आणि थांबून एखादी खोबणी नीट पाहायची तर मागच्याची अडचण होते. स्लोव्हेनियात ब्लेडजवळची विंटगार घळई १८९३ पासून लोकांसाठी खुली आहे. तिथे आता एकाच दिशेने चालावं लागतं आणि डोक्याला शिरस्त्राण घालावं लागतं. या अडचणींमुळे माझं म्हणणं कमकुवत होतं असं मला वाटत नाही. उलट बंद करण्याचा अधिकार अधिक सढळपणे वापरावा लागेल, पुराच्या दिवसांबरोबर गर्दीच्या दिवसांतही वापरावा लागेल, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो.

हे सगळं मराठीत मांडण्याला कारण आहे. सह्याद्रीत साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे : बेसाल्टमधली अरुंद, खोल घळ, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भटक्यांची लाडकी, पावसाळ्यात पाण्याची वाट. साम्रदचे गावकरी वाटाडे म्हणून सोबत येतात, जेवणाराहण्याची सोय करतात. त्यांना ती दरी ठाऊक आहे. पण तिच्या तोंडाशी उभं राहून आज नाही म्हणण्याचा मान्यताप्राप्त अधिकार आणि त्यामागची कमाई मात्र नीट बांधलेली नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण काही क्षणांत वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळांवर मनाईहुकूम काढले. अशा वेळी मनाईहुकूम समजण्यासारखा असतो, पण तो सरसकट असतो; चांगल्या आणि वाईट दिवसांत भेद करत नाही, म्हणून लोक तो चुकवतात. जागेची खडान्‌खडा माहिती असलेल्या आणि तिच्यावरच पोट असलेल्या माणसाने सकाळी पाणी पाहून घेतलेला निर्णय वेगळा असतो. तो लोक ऐकतात, कारण तोच माणूस उद्या फाटक उघडणारही असतो. टीफेनबाखने १९०५ मध्ये जे केलं ते आपल्या गावांना अशक्य नाही. त्यासाठी कड्याला गज ठोकायचीही गरज नाही. वाट गावाची, मिळकत गावाची आणि उघडण्या-मिटण्याचा हुकूमही गावाचा, एवढं कायद्याने मान्य झालं तरी पुष्कळ.

आल्प्सकडे जाणार असाल तर ब्राइटाखक्लाम चुकवू नका. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी लवकर जा, जाड तळव्याचे, न घसरणारे बूट घाला, अंगावर एक गरम कपडा ठेवा आणि खालच्या अंगाने चढत जा. घळई हळूहळू कशी आवळत जाते ते त्याच दिशेने नीट कळतं. हिवाळ्यात गेलात तर बर्फाचे पडदे पाहा. मात्र आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी, दोन्ही वेळा, वाट उघडी आहे का हे तपासा. बंद असेल तर फाटकावर हुज्जत घालू नका आणि कठडा ओलांडू नका. त्या दिवशी ती वाट बंद ठेवणारी माणसं आपलं काम चोख करत आहेत, आणि उघड्या दिवशी तुम्ही तिथे निर्धास्त चालू शकता ते त्यांच्याच भरवशावर.